वाणात दिलेलं वायफाय

आमच्या मिल पाँड कॉलेजात दोन वायफाय होती आणि त्यातलं एक बंद करण्यासाठी मी सहा वर्षं भांडले. एवढ्या काळात माझे केस पांढरे झाले, माझी मुलगी ऊर्मी शाळेतून युनिव्हर्सिटीत गेली, कॉलेजचे दोन प्रेसिडेंट बदलले. ते जुनं वायफाय मात्र ठाण मांडून बसलेलं.

मी यामिनी. माहेर नागपूरचं, सासरही नागपूरचं, आणि आता कॅनडातल्या केंब्रिजमधल्या या कॉलेजचं नेटवर्क सांभाळते. सांभाळते म्हणजे, सगळं सुरळीत असतं तेव्हा मला कुत्रं विचारत नाही आणि बंद पडलं की झाडून साऱ्यांना माझा नंबर पाठ असतो. जुनं वायफाय कॉलेजचं स्वतःचं, आमच्या आवारापुरतं. दुसरं एज्युरोम. ते सामायिक, जगभरच्या कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी मिळून चालवलेलं. आपल्या कॉलेजचं नाव-पासवर्ड एकदा फोनमध्ये घातलं की टोरांटोच्या लायब्ररीत जा नाहीतर मॉन्ट्रियलच्या, फोन आपला आपण जोडला जातो. ज्याच्याकडे हे आहे त्याला जुन्याची काहीच गरज नाही. पण सुरुवातीला कुणीतरी म्हणालं, असू द्या दोन्ही, आणि ते असूच राहिलं. एका घरात दोन चुली मांडल्यासारखं. बरं, दोन्हींच्या लहरी एकाच हवेतून जाणार, त्यामुळे वर्ग भरला की दोन्ही रखडायची आणि शिव्या मला पडायच्या.

या वर्षी मात्र गाठ पडली. जुन्याचा करार फेब्रुवारीअखेर संपत होता. त्याआधी ते बंद झालं तर झालं, नाहीतर पुढच्या तीन वर्षांसाठी करार पुन्हा होणार. आणि तीन वर्षांनी मी रिटायर होणार. म्हणजे आत्ता नाही तर माझ्या हातून कधीच नाही. मला ते जुनं वायफाय मागे ठेवून जायचं नव्हतं. कुणाला यात हसण्यासारखं वाटत असेल तर खुशाल हसावं.

जानेवारीच्या पहिल्या मीटिंगला आमची डायरेक्टर हेदर होती आणि हेमचंद्र होता. हेमचंद्र दादरचा, हेल्पडेस्कचा मॅनेजर. ऑफिसात माझ्याशी मराठी बोलणारा हा एकच माणूस, आणि मराठीचा उपयोग तो मुख्यतः टोमण्यांसाठी करतो. जुन्या वायफायवर अजून कोण कोण आहे ते त्याने स्क्रीनवर लावलं आणि माझ्याकडे वळला.

"यामिनीबाई, जरा नावं वाचा. पाटील, जाधव, शिंदे, कुलकर्णी, पुन्हा पाटील. अख्खं कॅम्पस शिफ्ट झालं, महाराष्ट्र तेवढा मागे राहिलाय. तुमचेच लोक आहेत, बघा काय ते."

"माझे लोक? तू काय स्वीडनहून आलास?"

हेदरने विचारलं, काय बोलणं चाललंय. हेमचंद्र गोड हसून इंग्रजीत म्हणाला की ठरावीक विद्यार्थ्यांचा एक गट मागे राहिलाय आणि यामिनी त्यात लक्ष घालणार आहे.

हेदर सरळ बाई आहे. तिने अट घातली. जुनं वायफाय बंद करायचं ते कॉलेज चालू असताना, सकाळी, वर्ग भरलेले असताना. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकाही वर्गातून तक्रार यायला नको. आली तर पुन्हा चालू आणि करार तीन वर्षांचा. हेमचंद्रने सुचवलं, रीडिंग वीकमध्ये करू, कॉलेज रिकामं असतं. मी म्हटलं, मुळीच नको. चोरासारखं नाही बंद करायचं, भरदिवसा करायचं. बोलून गेले आणि मग मागे घ्यायची सोय उरली नाही.

दुसऱ्या दिवशी मी लायब्ररीत गेले. खिडकीजवळ स्वप्नाली बसली होती. ती कऱ्हाडची, सप्लाय चेन शिकते, रात्रपाळीला ब्रॅम्पटनच्या एका वेअरहाऊसमध्ये काम करते आणि चार मुलींबरोबर एका बेसमेंटमध्ये राहते. आमच्या मंडळाच्या गणपतीत तिची ओळख झाली होती. तिच्या लॅपटॉपवर लेक्चरचा व्हिडिओ अडकून गोल गोल फिरत होता. बघितलं तर जुनं वायफाय.

"अगं, एज्युरोम का नाही लावत? एवढे ईमेल पाठवले मी."

ती इकडे तिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "काकू, ते सेफ नाहीये ना. ते ट्रॅक करतं. ब्रॅम्पटनला शिफ्टला गेलं तरी कॉलेजला कळतं. मग स्टुडंट व्हिसाच्या लिमिटपेक्षा आवर्स जास्त झाले की डायरेक्ट इमिग्रेशन. माझ्या पीआरचं काय होणार? इथे कायमचं राहायला कोण देणार?"

"कुणी सांगितलं तुला हे?"

"सगळ्यांनाच माहितीये. नवीन बॅच आली की सीनियर्स कुकर देतात, जुनं जॅकेट देतात आणि ही व्हॉइस नोट फॉरवर्ड करतात. थांबा, ऐकवते. आवाज ओळखाल तुम्ही."

तिने फोन माझ्या कानाशी धरला. एका भारदस्त, खर्जातल्या आवाजाने बोलायला सुरुवात केली. "नमस्कार मित्रांनो. एक महत्त्वाची सूचना. कॅम्पसवर ते एज्युरोम नावाचं वायफाय आहे, त्याच्या नादी लागू नका. ते तुमचा माग काढतं. मी स्वतः अनुभव घेतलेला आहे. आपलं जुनं वायफाय बरं. जेवणखाण वेळेवर करा, आईला फोन करा."

तीस वर्षं ऐकतेय मी तो आवाज. सकाळी चहा मागताना ऐकते, बँकेशी भांडताना ऐकते, घोरतानाही ऐकते. तो माझ्या नवऱ्याचा आवाज होता.

दीनानाथ आमच्याच कॉलेजात अकाउंटिंगचे दोन वर्ग घेतात. उरलेला वेळ ते जगन्मित्र असतात. मुलांना एअरपोर्टवरून आणणं, गाद्या मिळवून देणं, घरमालकाशी बोलणं, सगळं यांच्याकडे. मुलं त्यांचा शब्द खाली पडू देत नाहीत. सहा वर्षं मी पोस्टर लावत होते, ईमेल लिहीत होते आणि माझ्याच घरातला माणूस मागच्या दाराने सगळ्यावर पाणी फिरवत होता. स्वप्नालीला मी फक्त ती नोट मला पाठव म्हटलं.

घरी पोचले तर अहो ड्राइव्हवे शोव्हल करत होते. मी गाडीतून उतरले आणि तिथेच बर्फात उभं राहून नोट वाजवली. त्यांनी फावडं खाली ठेवलं.

"अगं, ती जुनी आहे."

"जुनी आहे आणि अजून फिरतेय. कसला अनुभव घेतला हो तुम्ही स्वतः?"

मग निघालं ते. ऊर्मीला युनिव्हर्सिटी दाखवायला हे तिला घेऊन स्कारबरोला गेले होते. तिथल्या आवारात पाय ठेवला आणि खिशातला फोन आपोआप वायफायला जोडला गेला. एज्युरोमचं ते कामच आहे. पण यांच्या जिवाचं पाणी झालं.

"मी तिथे आयुष्यात पहिल्यांदा गेलो होतो. कुणाला सांगितलं नव्हतं. आणि त्याने मला ओळखलं. मी म्हटलं, माझं एक वेळ जाऊ दे, पण ही पोरं चार तास जास्त काम करतात, त्यांचं काय? मी तिथल्या तिथे ते काढून टाकलं आणि पोरांना सावध केलं."

"मला विचारायचं होतं. मी हेच काम करते ना?"

"तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते."

"मग?"

राग तर इतका आला होता की कानशिलं गरम झाली होती, आणि तरी ते 'आईला फोन करा' आठवून हसूही येत होतं. या माणसावर धड रागावताही येत नाही, हे माझं जुनं दुखणं आहे.

मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि विचारलं, "आपण लग्नाला जातो तेव्हा हॉलच्या दारात काय विचारतात?"

"कुणाकडचे, म्हणून विचारतात. मुलाकडचे की मुलीकडचे."

"तुम्ही सांगता, मुलीकडचे. मग तो माणूस आत मुलीच्या काकाला विचारतो, हे तुमचे का? काका म्हणतो, हो, आमचेच. की तुम्हाला पंगतीत बसवतात. तुमचा पगार विचारतात? काल कुठे होतात ते विचारतात?"

"नाही."

"एवढंच झालं स्कारबरोला. त्यांनी आमच्या कॉलेजला विचारलं, हा तुमचा का. आम्ही म्हटलं, हो. तुम्हाला आत घेतलं. तुम्ही त्या दारात उभे होतात एवढंच आम्हाला कळलं, आणि ते आम्ही कुणाला सांगत बसत नाही. ब्रॅम्पटनच्या वेअरहाऊसमध्ये हे वायफायच नाही. तिथे दारच नाही तर विचारणार कोण?"

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाले, "म्हणजे मी पोरांना दुसऱ्याच्या मांडवाच्या बाहेर उभं करून ठेवलं."

"स्वतःच्याही."

ते नवी व्हॉइस नोट करायला तयार झाले, पण म्हणाले, "नुसत्या नोटने भागणार नाही. पोरं म्हणतील, काकूंनी काकांना दम दिला."

हे मात्र खरं होतं. एकदा बसलेली भीती उठवायची तर समोरासमोर बसावं लागतं. आणि संक्रांत तोंडावर आली होती. दर वर्षी आमच्या बेसमेंटमध्ये माझं हळदीकुंकू असतं. मी ठरवलं, यंदा सगळ्यांना बोलवायचं, मुलींना आणि मुलांनाही. वाण म्हणून डबे नाहीत, चमचे नाहीत, पिशव्या नाहीत. यंदा वायफाय लुटायचं. दिलेलं वाण कुणी परत करत नाही, ही आपली रीत आहे आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेणार होते.

शनिवारी दुपारी पायऱ्यांखाली बुटांचा डोंगर झाला. मुली काळ्या साड्या नेसून आल्या, वर पार्का, म्हणजे बर्फातले जाडजूड कोट. मुलांचे पार्का काळेच असल्यामुळे त्यांचा पोशाख आपोआप संक्रांतीचा झाला. वेदांत नावाचा नाशिकचा उंच मुलगा दारात अडखळला. "काकू, मुलांनी नक्की काय करायचं असतं?"

"तिळगूळ खायचा आणि फोन काढायचा."

मी मधोमध खुर्ची टाकून बसले. एका बाजूला हळदीकुंकवाचं तबक, दुसऱ्या बाजूला चार्जर. दीनानाथ उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मित्रांनो, ती नोट माझी होती आणि ती चुकीची होती. मी घाबरलो आणि तुम्हालाही घाबरवलं." मग त्यांनी लग्नाचा हॉल, दार आणि काका हे सगळं इतक्या रंगात येऊन सांगितलं की कुणाला वाटावं ते यांनाच सुचलं. मी जाऊ दिलं.

तरी पहिलं कुणी उठेना. स्वप्नाली भिंतीला टेकून फोन घट्ट धरून बसली होती. शेवटी तिनेच विचारलं, "काकू, तुम्ही गॅरंटी देता?"

"या वायफायमुळे तुझ्यावर काही आलं तर मी स्वतः तुझ्याबरोबर येईन, जिथे जायचं तिथे. तुला माहितीये मी भांडायला कशी आहे."

ती उठून समोर येऊन बसली. मी तिला कुंकू लावलं, तिळगूळ दिला, जुनं वायफाय तिच्या फोनमधून काढलं आणि एज्युरोम घातलं. "झालं वाण. सोमवारी कॅम्पसवर पाय ठेवलास की आपोआप लागेल." तिने वाकून नमस्कार केला. तिच्यामागे रांग लागली. वेदांतने कुंकूही लावून घेतलं. स्वप्नाली मघाशी घाबरली होती ती आता माझ्या शेजारी बसून दुसऱ्यांचे फोन लावत होती.

काम संपल्यावर मुलींनी नाव घ्या म्हणून गलका केला. मी घेतलं:

"तिळात मिसळला गूळ, गुळात घातली वेलची,
दीनानाथरावांच्या व्हॉइस नोटने झोप उडवली कॉलेजची."

बेसमेंटचं छत उडेल असा हशा झाला. मग मुलींनी मोर्चा त्यांच्याकडे वळवला, काका, आता तुम्ही काकूंचं नाव घ्या. काका म्हणाले, चहाचं बघून येतो, आणि वर पळाले. लग्नाला तीस वर्षं झाली, या माणसाने चारचौघांत माझं नाव घेतलेलं नाही. 'अगं' म्हणतात, 'हिला विचारा' म्हणतात, 'आमच्या घरी' म्हणतात. मी कधी मनाला लावून घेतलं नाही. थोडं लागतं, पण सवयीने.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी आम्ही हेल्पडेस्कच्या खोलीत जमलो. हेदर आपली कॉफी घेऊन आली. स्क्रीनवर जुन्या वायफायवरची नावं जवळजवळ संपली होती, चार-दोन यंत्रं इथे तिथे उरलेली. महाराष्ट्र शिफ्ट झाला होता. हेमचंद्रने ते बघितलं आणि माऊस माझ्याकडे सरकवला, हाच त्याचा सत्कार समजायचा.

"गो अहेड, यामिनी," हेदर म्हणाली.

मी बंद केलं. सहा वर्षांचं भांडण, आणि बंद करायला एक क्लिक. काही आवाज नाही, काही नाही. मग आम्ही फोनकडे बघत बसलो. पहिला तास संपला, दुसरा सुरू झाला. जिन्यावरून मुलं हसत खिदळत गेली, फोनमध्ये डोकं घालून, नेहमीसारखी. कुणाचं काही अडलं नव्हतं. मला वाटायला लागलं की जमलं.

जेवणाची सुट्टी व्हायला थोडाच वेळ उरला असताना फोन वाजला. हेमचंद्रने स्पीकरवर घेतला.

"हॅलो, हेल्पडेस्क? देअर इज नो वायफाय इन माय क्लास," खर्जातला आवाज म्हणाला.

हेदरने कप खाली ठेवला. "इज दॅट अ क्लासरूम?"

सगळं कॉलेज गप्प होतं आणि तक्रार आली ती माझ्या नवऱ्याची. मी फोनवर झुकले आणि मराठीत विचारलं, "अहो, तुमच्या लॅपटॉपवर एज्युरोम नाही?"

"नाही."

"फोनवर?"

"फोनवरून तर मी स्कारबरोलाच काढलं होतं."

"मग संक्रांतीला का नाही लावून घेतलंत?"

पलीकडून खरोखरच्या आश्चर्याने उत्तर आलं. "अगं, घरच्या माणसाला वाण कोण देतं?"

बरोबर होतं. यजमानाला वाण नसतं. संक्रांतीला ते सगळा वेळ चहा देत होते, बूट रचत होते, आणि मी त्यांच्या हातात तिळगुळाची वाटी सोडून काही दिलं नव्हतं. हेदर थांबून होती. हेमचंद्रला सगळं कळलं होतं, आणि 'हो, वर्गातलीच तक्रार' एवढं जरी तो म्हणाला असता तरी माझा खेळ संपला असता. तो म्हणाला, "हेदर, वन मिनिट. एकाच माणसाचा लॅपटॉप दिसतोय."

"वर्गाला विचारा," मी दीनानाथना म्हटलं. "इंग्रजीत विचारा आणि मोठ्याने विचारा. कुणाचं वायफाय बंद आहे, हात वर करा."

त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज बिनफोनचाही आमच्यापर्यंत आला असता. खोलीत आम्ही तिघं फोनवर ओणवे झालो.

"एनीवन?" त्यांनी पुन्हा विचारलं. मग फोनवर म्हणाले, "एकही हात नाही. सगळ्यांचं चालू आहे. फक्त माझंच बंद आहे."

हेदर मोठ्याने हसली. "दॅट्स नॉट अ क्लास. दॅट्स अ हजबंड." तिने कप उचलला. "करार रिन्यू करायचा नाही. मी आजच कळवते. वेल डन, यामिनी."

मी खुर्ची ओढून बसले. जिंकले होते मी. स्पीकरवरून वर्गातली गडबड ऐकू येत होती. मग स्वप्नालीचा आवाज आला. ती यांच्याच वर्गात बसते. "सर, द्या इकडे, मी लावते. काकूंनी शिकवलंय. तुमचा पासवर्ड तुम्हीच टाका." थोडा वेळ टकटक. मग तिने मिश्कीलपणे विचारलं, "थांबा, असं आत नाही घेणार. सांगा सर, कुणाकडचे?"

वर्ग हसला. त्यातली निम्मी मुलं आमच्या बेसमेंटमध्ये येऊन गेलेली. मला वाटलं आता हे म्हणतील चहाचं बघतो. पण तिथे चहा नव्हता, आणि पळायला जिनाही नव्हता.

दीनानाथनी घसा खाकरला. मग भर वर्गात, मोठ्या आवाजात म्हणाले, "यामिनीकडचा."

मुलांनी टाळ्या पिटल्या. मी चष्मा काढून पुसायला लागले, तो काही नीट पुसला जाईना.

हेदरने विचारलं, ते काय म्हणाले. आणि हेमचंद्रने, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, पदरचं काही न घालता जसंच्या तसं भाषांतर केलं.